कादंबरी, आत्मकथन की पटकथा? सोसलेल्या माणसाची गोष्ट लिहिण्याआधी

तुम्ही लिहिलंय की तुमच्या आत्यांनी तरुणपणी दंगल पाहिली, घर सोडून पळावं लागलं, छावणीत उपाशीपोटी दिवस काढले. त्यांच्या आठवणींचं काही तासांचं रेकॉर्डिंग तुमच्याकडे आहे. त्याची कादंबरी करावी, आत्मकथन करावं की पटकथा, आणि हिंसा किती दाखवावी, हे तुमचं ठरत नाहीये. कमी दाखवली तर अन्याय फिका पडेल, जास्त दाखवली तर लोक भडक म्हणतील, ही तुमची भीती. ती रास्त आहे. मी आत्मकथनं आणि कादंबऱ्यांची हस्तलिखितं संपादित करते, मधूनमधून पटकथाही वाचायला येतात. असा विषय घेऊन आलेला जवळजवळ प्रत्येक लेखक याच दोन ठिकाणी अडलेला असतो.

या दोन्हींच्या मुळाशी मला एकच प्रश्न दिसतो. वाचकाला तुम्ही कशाची हमी देऊ शकता? प्रकार त्यावरून ठरतो, आणि हिंसा किती आणि कुठे हेसुद्धा पुष्कळसं त्यावरूनच ठरतं. म्हणून उत्तर थोडं लांबणार आहे.

आधी जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते बोलू. आत्या हयात आहेत का? रेकॉर्डिंग कशासाठी चाललंय हे त्यांना तेव्हा माहीत होतं का? भाच्यापाशी मन मोकळं करणं वेगळं आणि छापील पानावर चारचौघांत उभं राहणं वेगळं. पहिल्याला दिलेली परवानगी दुसऱ्याला लागू होत नाही. त्यांनी ज्यांची नावं घेतली ती माणसं, त्यांची मुलं आज कुठे आहेत, त्या घटनेचा एखादा खटला अजून चालू आहे का, नावं छापली तर त्रास कुणाला होईल, तुम्हाला की आत्यांना? तुमच्या पत्रात यातलं काही नाही, त्यामुळे पुढे जिथे जिथे 'तर' येईल तिथे तुमची परिस्थिती लावून पाहा.

आत्मकथनाची हमी सगळ्यांत कडक. 'हे घडलं आणि माझ्यासमोर घडलं' हा दावा मुखपृष्ठापासूनच सुरू होतो. १९९५ मध्ये बिन्यामिन विल्कोमिर्स्की या नावानं, नाझी छावण्यांत गेलेल्या बालपणाच्या आठवणी म्हणून एक पुस्तक जर्मनमध्ये आलं. समीक्षकांनी ते डोक्यावर घेतलं, पुरस्कारही मिळाले. १९९८ मध्ये एका स्विस पत्रकारानं दाखवून दिलं की लेखक स्वित्झर्लंडमध्येच जन्मला आणि वाढला आहे, कैदी म्हणून तो कुठल्याही छावणीत नव्हता. पुढे प्रकाशकानं पुस्तक मागे घेतलं. पुस्तकातलं एक अक्षरही बदललेलं नव्हतं, तरी ते आता पूर्वीसारखं वाचता येईना. कादंबरी म्हणून आलं असतं तर त्याच मजकुराला कुणी फसवणूक म्हटलं नसतं. अशा प्रकरणांचा खरा फटका बसतो तो प्रत्यक्ष सोसलेल्यांना, कारण नंतर येणाऱ्या प्रत्येकाकडे संशयानं पाहायला निमित्त मिळतं.

हा संशय मुळातच दुबळ्यांच्या वाट्याला जास्त येतो. अमेरिकेत हॅरिएट जेकब्स या गुलामीतून सुटलेल्या स्त्रीनं १८६१ मध्ये 'लिंडा ब्रेंट' या टोपणनावानं आपली कहाणी छापली. मालकाच्या लैंगिक छळातून सुटण्यासाठी ती जवळजवळ सात वर्षं आजीच्या घराला लागून असलेल्या कोठीच्या माळ्यावर लपून राहिली होती. माळा नऊ फूट लांब, सात फूट रुंद, आणि जिथे सगळ्यांत उंच तिथे तीन फूट. विसाव्या शतकात बराच काळ अनेक अभ्यासक ही कादंबरीच आहे, कदाचित पुस्तकाच्या गोऱ्या संपादिकेनं लिहिलेली, असं धरून चालले. १९८०च्या दशकात जीन फेगन येलिन या संशोधिकेनं जेकब्सची पत्रं आणि तेव्हाची कागदपत्रं लावून दाखवली, तेव्हा कुठे ती कहाणी तिची स्वतःची म्हणून मान्य झाली. म्हणून आत्मकथनाकडे वळणार असाल तर आजपासूनच जपून ठेवा: मूळ रेकॉर्डिंग, तारखा, आत्यांकडचा एखादा जुना कागद, फोटो, आणि मजकुरातलं कोणतं वाक्य त्यांचं नि कोणतं तुमचं याची नोंद. त्यांच्यावर विश्वास ठेवण्यासाठी तुम्हाला या कशाची गरज नाही. पण उद्या कुणी त्यांना खोटं पाडायला आलं तर त्या एकट्या पडू नयेत.

आत्मकथनात न बोललेल्यालाही किंमत असते. बेबीताई कांबळे यांचं 'जिणं आमुचं' आधी 'स्त्री' मासिकातून आलं आणि १९८६ मध्ये पुस्तक झालं. ते लेखन त्यांनी कित्येक वर्षं नवऱ्यापासून लपवून ठेवलं होतं. पुस्तकात जातीनं लादलेलं जगणं आहेच, पण आपल्याच समाजातल्या सासरी सुनांचा कसा छळ होई, पायात लाकडी खोडा कसा अडकवत, नाकं कशी कापत, हेही त्यांनी आडपडदा न ठेवता लिहिलंय. स्वतःच्या नवऱ्याच्या मारहाणीबद्दल मात्र त्या पुढे एका मुलाखतीत बोलल्या, पुस्तकात ते नाही. बहुतेक बायकांच्या वाट्याला येत होतं ते आपलं एकटीचं दुःख म्हणून काय मांडायचं, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. कुणी याला उणीव म्हणेल. मला तो लेखिकेचा निर्णय वाटतो, आणि संपादक म्हणून अशा निर्णयापुढे मी थांबते. तुमच्या आत्यांनी जे टाळलंय ते आत्मकथनात तुम्ही भरून काढायचं नाही. ती जागा मोकळी ठेवायची, किंवा 'इथे आत्या बोलायच्या थांबल्या' एवढंच प्रामाणिकपणे लिहायचं.

मोकळ्या जागेत शिरायचंच असेल तर त्यासाठी कादंबरी आहे. १८५६ मध्ये मार्गारेट गार्नर ही गुलाम स्त्री कुटुंबासह केंटकीतून गोठलेली ओहायो नदी ओलांडून पळाली. पकडणारे येऊन पोचले तेव्हा मुलं परत गुलामीत जाऊ नयेत म्हणून तिनं आपल्या दोन वर्षांच्या मुलीला स्वतःच्या हातानं मारलं. पुढे खटला चालला, वर्तमानपत्रांनी रकाने भरले. बातम्यांत घटना आहे, तिचं मन नाही. अमेरिकन लेखिका टोनी मॉरिसन यांनी 'बिलव्हेड' ही कादंबरी (१९८७) त्या बातमीवरून लिहिली, पण गार्नरच्या खऱ्या आयुष्याचा मुद्दाम फार शोध घेतला नाही, कारण त्यांना स्वतःची बाई घडवायची होती. जुन्या गुलामकथनांचे लेखक भयंकर प्रसंग आला की त्यावर पडदा टाकत, वाचणाऱ्या गोऱ्या सभ्य लोकांना झेपेल एवढंच सांगत, आणि तो पडदा बाजूला करणं हे आपलं काम आहे, असं त्यांनी एका निबंधात म्हटलंय. कादंबरीची हमी ती ही: घटना जशीच्या तशी असेलच असं नाही, पण आत काय चाललं असेल याचा शोध मी कुठेही सोयीसाठी सोडला नाही.

कादंबरीकार स्वतः वाचलेला असेल तर गोष्ट आणखी गुंतते. जपानी लेखक अकियुकी नोसाका यांची धाकटी बहीण १९४५ मध्ये कुपोषणानं गेली. त्यांनी १९६७ मध्ये त्यावर कथा लिहिली, तिच्यावरूनच १९८८ मध्ये 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' हा चित्रपट झाला. कथेतला भाऊ बहिणीला जिवापाड जपतो आणि शेवटी तोही मरतो. खरा भाऊ जगला, आणि आपण त्या मुलाइतके मायाळू नव्हतो असं तो पुढे सांगत राहिला. हे आत्मकथनात लिहिलं असतं तर ते खोटं ठरलं असतं. कथेत ते बहिणीची मागितलेली माफी झालं. तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये आत्यांना 'तेव्हा मी असं करायला हवं होतं' म्हणताना ऐकलंय का? असेल तर ती जागा कादंबरीची आहे.

चित्रपटाबद्दल मी जास्त सावध आहे. पानावर 'तिला मारलं' एवढं लिहून पुढे जाता येतं. कॅमेऱ्याला मात्र कुठेतरी उभं राहावंच लागतं, आणि कुठे उभं राहायचं हाच तिथला नैतिक प्रश्न. १९६०च्या 'कापो' या चित्रपटात नाझी छावणीतली एक कैदी स्त्री विजेच्या तारेवर झेपावून जीव देते. मग कॅमेरा तिच्याकडे सरकत जातो आणि तिचा वर राहिलेला हात फ्रेमच्या कोपऱ्यात नेमका बसवतो. फ्रेंच समीक्षक जाक रिव्हेत यांनी १९६१ मध्ये त्यावर लिहिलं की या क्षणी कॅमेरा पुढे सरकवायचं ज्याला सुचलं तो माणूस तिरस्कारालाच पात्र आहे. भाषा फार कठोर आहे, पण मुद्दा मला अजूनही पटतो: मरणाऱ्या बाईकडे पाहताना चित्र देखणं दिसावं ही काळजी कुणाला पडली होती? त्याच दिग्दर्शकानं, जिलो पोंटेकोर्वो यांनी, १९६६ मध्ये 'द बॅटल ऑफ अल्जिअर्स' केला, फ्रेंच सत्तेविरुद्धच्या अल्जीरियाच्या लढ्यावरचा. त्यात गर्दीच्या कॅफेत बॉम्ब ठेवायला आलेली स्त्री आजूबाजूला पाहते आणि तिच्या नजरेबरोबर आपणही तिथले चेहरे पाहतो, आइस्क्रीम खाणारं पोरसुद्धा. तिची बाजू न्यायाची आहे हे चित्रपट लपवत नाही, आणि ती कुणाला मारणार आहे हेही लपवत नाही. कॅमेऱ्याची जागा बदलली आणि प्रेक्षकाला नजर फिरवायला वाव राहिला नाही.

अलीकडचं उदाहरण लास्लो नेमेश यांच्या, नाझी छावणीतल्या एका कैद्यावरच्या 'सन ऑफ सॉल'चं (२०१५). कॅमेरा जवळजवळ पूर्ण वेळ नायकाच्या चेहऱ्याला किंवा मानेला चिकटलेला, मागचं सगळं धूसर, आणि जे चाललंय ते मुख्यतः कानांवर येतं. पटकथाच लिहायची ठरली तर प्रत्येक प्रसंगाच्या वर, समासात, एक ओळ लिहून ठेवा: हे कोण पाहतंय, आणि त्याला इथून काय दिसत नाही.

इथवरचं थोडक्यात सांगायचं तर: आत्या साक्षीदार म्हणून उभ्या राहायला तयार असतील आणि त्यांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत पोचवायचं असेल तर आत्मकथन. त्यांना आपलं नाव नको असेल, किंवा गोष्टीचा गाभा त्यांच्या न बोललेल्या भागात असेल, तर नावं-गावं बदलून कादंबरी. चित्रपट सगळ्यांत शेवटी.

आता हिंसा किती. या प्रश्नावर लेखक प्रमाणाच्या भाषेत बोलतात, थोडी की पुष्कळ. माझा अनुभव असा की वाचक हिंसेच्या प्रमाणामुळे मिटत नाही. पानावर नुसतंच घडणं असतं, करणं नसतं, तेव्हा तो मिटतो. ज्याच्यावर अन्याय झाला तो माणूस प्रत्येक पानावर नुसता मार खात असेल तर दहा पानांत तो वाचकाच्या लेखी माणूस राहत नाही. त्या दिवसांत त्याला जगण्यासाठी काय काय करावं लागलं, हाताला काय काम होतं, डोक्यात कसला हिशेब चालू होता, हे आलं की हिंसा वेगळी रंगवून सांगावी लागत नाही.

प्रिमो लेव्ही यांच्या 'द पीरिऑडिक टेबल'मधला (१९७५) एक प्रसंग मी नव्या लेखकांना नेहमी वाचायला देते. लेव्ही रसायनशास्त्रज्ञ. ऑशविट्झच्या नाझी छावणीत कैदी असताना तिथल्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत त्यांना काम मिळतं, आणि एका बरणीत धातूच्या छोट्या कांड्या सापडतात. लायटरमध्ये ठिणगी पाडणारा खडा ज्या धातूचा करतात, तो हा धातू. कांड्या ४०. छावणीत लायटर चोरून बनवले जातात, त्यामुळे खड्यांना गिऱ्हाईक आहे. पण कांड्या जाड आहेत. मग लेव्ही आणि त्यांचा मित्र अल्बेर्तो रात्री पांघरुणाखाली त्या तासत बसतात. गवताच्या गाद्यांनी पेट घेतला तर फाशी ठरलेली. एका कांडीचे तीन खडे, म्हणजे १२०. एका खड्याला एक दिवसाचा पाव. दोघांत वाटले तर प्रत्येकी ६० दिवस, आणि दोन महिन्यांत रशियन फौजा पोचायला हव्यात.

या प्रसंगात कुणी कुणाला मारत नाही. पण एका दिवसाच्या आयुष्याची किंमत एक खडा हे कळल्यावर छावणी काय चीज होती ते वेगळं सांगायला लागत नाही. जेकब्सच्या पुस्तकातही मला माळ्याच्या मापांपेक्षा तिची पत्रं जास्त हलवून सोडतात. त्या माळ्यावर पडल्या पडल्या ती मालकाला पत्रं लिहिते, आपण उत्तरेला पळून गेलोय असं भासवणारी, आणि शिक्का तिथला पडावा म्हणून ती न्यूयॉर्कला नेऊन तिथून टपालात टाकण्याची व्यवस्था करते. पत्ता खरा वाटावा म्हणून न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्राचा तुकडा मिळवून त्यातून रस्त्याचं नाव शोधते. सामत्यानं पाडलेल्या भोकांतून खाली खेळणारी आपली मुलं तिला दिसतात, पण हाक मारायची सोय नाही. अशा बाईची कीव करावीशी वाटत नाही. तिच्या बाजूनं आपण श्वास रोखून बसतो.

माझ्या कामात हे कसं येतं ते सांगते. एका हस्तलिखितात वाक्य होतं: 'त्या काळरात्री सर्वत्र मृत्यूचं थैमान सुरू होतं.' मी लेखकाला विचारलं, ज्यांनी हे सांगितलं त्यांचे शब्द काय होते? त्यानं रेकॉर्डिंग लावलं. बाई म्हणत होत्या, 'चपला घालायच्या की हातात घ्यायच्या, यावरून आम्हा बहिणींचं भांडण झालं. घातल्या तर आवाज होणार, नाही घातल्या तर खाली काचा.' थैमानाचं वाक्य गेलं, चपला राहिल्या. तुमच्याकडेही असं काही नक्की असणार. आत्यांचं बोलणं पुन्हा ऐका आणि हे शोधा: निघताना हातात काय होतं? काय मागे राहिलं, आणि ते कुणी ठरवलं? पाणी कुठून आणलं, बाळ रडायला लागलं तर काय केलं, आडोसा कुठे मिळाला, पाळी आली तेव्हा काय केलं? कुणाला पैसे चारावे लागले? छावणीत रांगेत उभं कोण राहायचं आणि सामानापाशी कोण थांबायचं? वाचकाला अंगावर काटा येतो तो अशा उत्तरांनी.

याचा अर्थ हिंसा नेहमी आडून दाखवायची असा नाही. काही ठिकाणी आडून दाखवणं म्हणजे करणाऱ्याला झाकणं होतं, विशेषतः जिथे 'असं काही घडलंच नाही' म्हणणारे आजही बोलताहेत. तिथे सरळ लिहा, थोडक्यात लिहा, आणि वाक्याला कर्ता द्या. 'तिच्यावर अत्याचार झाला' यात करणारा कुठेच नाही. 'तिघांनी तिला ओढत नेलं, दार लावून घेतलं' यात आहे. विशेषणं काढा. 'अमानुष', 'पाशवी', 'निर्घृण' हे लेखकाच्या रागाचे शब्द, आणि तुमचा राग वाचकाच्या आधी पानावर आला की त्याच्या रागाला जागाच उरत नाही. लैंगिक हिंसेबाबत माझी अट आणखी कडक आहे: त्या क्षणी नजर तिची असली पाहिजे. तिला छत दिसत असेल तर छत लिहा. तिचं शरीर बाहेरून न्याहाळणारं एक वाक्यही मी मजकुरात राहू देत नाही.

अन्याय करणाऱ्यांचं चित्रण हा भाग तुमच्या प्रश्नात नव्हता, पण हस्तलिखितं सगळ्यांत जास्त कोसळतात ती इथे. लाल डोळ्यांचा क्रूर खलनायक उभा केला की वाचकाची सुटका होते, कारण तो स्वतःला त्याच्यात कधीच पाहत नाही. 'कोर्ट' (२०१४) या चित्रपटात वृद्ध लोकशाहीराचा खटला तारखांवर तारखा पडत लांबत जातो. कुणी आरडाओरडा करत नाही. एका बाईच्या ब्लाउजला बाह्या नाहीत म्हणून न्यायाधीश तिचा खटला त्या दिवशी घेत नाहीत आणि शांतपणे पुढचा पुकारायला सांगतात. हाच माणूस संध्याकाळी घरी जाऊन मुलांत रमत असेल. अन्याय बऱ्याचदा असा कामाच्या वेळेत, नियमाप्रमाणे होतो. 'फँड्री'त (२०१३) डुक्कर पकडणाऱ्या कुटुंबाकडे बघून हसणारी, मोबाइलवर फोटो काढणारी माणसं आठवा. आणि शेवटी जब्यानं भिरकावलेला दगड थेट पडद्याबाहेर, आपल्याकडे येतो, कारण हसणाऱ्यांच्या जागी तोवर आपणही बसलेले असतो. तुमच्या गोष्टीत दारं बंद करून घेणारे शेजारी असतील, यादी लिहिणारा कारकून असेल, दुप्पट भाडं घेणारा गाडीवाला असेल. त्यांना नाव द्या, घर द्या, घाई द्या.

आणि सोसणाऱ्यांनाही सरसकट देव करू नका. लेव्हींनी १९८६च्या शेवटच्या पुस्तकात ज्याला करडा प्रदेश म्हटलंय तो हाच: छावणीची रचनाच अशी की कैद्यांकडूनच कैद्यांवर सत्ता चालवली जाई, आणि जगायचं तर कुठे ना कुठे हात बरबटत. बेबीताईंनी सुनांचे खोडे लिहिले तेही याच धैर्यानं. आत्यांनी कधी कुणाचं अन्न उचललं असेल, कुणाला मागे सोडलं असेल, आणि त्यांची छापायला हरकत नसेल, तर ते तसंच राहू द्या. ते काढून टाकल्यानं त्यांचा मान वाढत नाही, आणि ज्यांनी त्यांना त्या अवस्थेत ढकललं त्यांचा गुन्हा मात्र हलका होतो.

शेवटाबद्दल एक गोष्ट. वाचलेल्या माणसाची गोष्ट सांगताना ती नकळत विजयाची गोष्ट होते: जिद्द होती, म्हणून जगली. हे वाक्य जे मेले त्यांच्यावर अन्याय करतं, त्यांची काय जिद्द कमी होती? लेव्हींनी आपण कशामुळे जगलो ते लपवलं नाही. छावणीत ते १९४४ मध्ये आले, जेव्हा मजुरांची टंचाई होती. रसायनशास्त्र येत होतं. लोरेंझो नावाचा एक इटालियन गवंडी महिनोन्‌महिने त्यांना स्वतःच्या वाट्यातलं सूप आणून देत होता. आणि रशियन फौजा जवळ आल्यावर छावणी रिकामी करून कैद्यांना बर्फातून पायी हाकललं, तेव्हा ते स्कार्लेट फीव्हरनं दवाखान्यात पडून होते म्हणून मागे राहिले. खडे तासणारा अल्बेर्तो धडधाकट होता. तो त्या तांड्यात गेला आणि परत आला नाही. खरे साक्षीदार बुडालेलेच, म्हणजे जे परतले नाहीत ते, आम्ही वाचलेले नव्हे, असं लेव्ही म्हणत. तुमच्या हस्तलिखितात आत्यांबरोबर निघालेल्या पण न पोचलेल्या माणसांना जागा आहे का, ते पाहा.

रेकॉर्डिंग अपुरं वाटून आत्यांना पुन्हा प्रश्न विचारणार असाल तर थोडं थांबा. नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहारावरच्या, क्लोद लांझमान यांच्या साडेनऊ तासांच्या 'शोआ' या माहितीपटात (१९८५) जुन्या फिल्मचा एकही तुकडा वापरलेला नाही, सगळा भर जिवंत माणसांच्या सांगण्यावर आहे. त्यात अब्राहम बोम्बा नावाचे न्हावी आहेत. त्रेब्लिंकाच्या नाझी छावणीत त्यांना गॅस चेंबरमध्ये जाणाऱ्या बायकांचे केस कापावे लागत. लांझमान त्यांना सलूनमध्ये उभं करून, हातात कात्री देऊन बोलतं करतात. बरोबरच्या एका न्हाव्यासमोर त्याची स्वतःचीच बायको आणि बहीण आली, इथवर पोचल्यावर बोम्बा थांबतात, बोलवत नाही, आता नको म्हणतात. लांझमान म्हणतात, बोलायलाच हवं. ते दृश्य चित्रपटाच्या इतिहासात अमर झालंय, आणि तरीही मी तुम्हाला तसं करू नका असंच सांगेन. बोम्बांना कॅमेरा कशासाठी लावलाय ते माहीत होतं. आत्यांसमोर भाचा बसलेला असतो, आणि भाच्याला नाही म्हणणं अवघड जातं. त्यांनी विषय बदलला तर तुम्हीही बदला. सोबत त्यांच्या विश्वासातलं कुणी असू द्या, आणि सांगितलेलं उद्या परत घ्यायची मुभा आहे हे आधीच सांगा.

मी तुमच्या जागी असते तर असं केलं असतं. सगळं रेकॉर्डिंग आधी जसंच्या तसं उतरवून काढलं असतं, त्यांच्या बोलीत, अडखळण्यासकट, प्रमाण भाषेत न घासता. मग प्रकार ठरवायच्या आधी एकच छोटा तुकडा निवडला असता, समजा छावणीतला पहिला आठवडा, आणि तो दोनदा लिहिला असता: एकदा त्यांच्या तोंडून, एकदा त्रयस्थ निवेदकाच्या. दोन्ही मोठ्यानं वाचा. जिथे तुम्हाला पदरचं घालावं लागतंय आणि ते घालताना संकोच वाटतोय, तो मसुदा आत्मकथनाचा आहे, तिथे घालू नका. जिथे पदरचं घातल्याशिवाय माणूस उभाच राहत नाही, तो कादंबरीचा.

त्यानंतर, त्या हयात असतील आणि त्यांची तयारी असेल, तर तो तुकडा त्यांनाच वाचून दाखवा. मध्येच 'असं नव्हतं रे ते' म्हणाल्या तर वाद घालू नका, पेन काढा आणि कसं होतं ते विचारा. पुढचा मसुदा त्याच जागेपासून सुरू करा.